मुलांना नकाशा काढू द्या

दहावीच्या भूगोलाच्या ४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत नकाशा असतो आणि त्याची तयारी कशी करून घेतली जाते, हे महाराष्ट्रातल्या पालकांना सांगायला नको. स्टेशनरीच्या दुकानातून भारताचे आणि ब्राझीलचे कोरे आराखडे गठ्ठ्याने आणायचे, त्यांत पर्वत, बंदरे, नद्या आणि पिकांचे प्रदेश सूचीसकट भरायचे आणि कोणते चिन्ह कुठे पडते याचे हाताला वळण बसेपर्यंत भरत राहायचे. या सरावाने गुण मिळतात आणि देशाचा आकार डोक्यात पक्का बसतो. हा फायदा लहान नाही. परंतु यांतल्या बहुतेक मुलांनी शाळेच्या दहा वर्षांत स्वतःचा म्हणावा असा एकही नकाशा काढलेला नसतो. त्यांच्यापुढे येणाऱ्या प्रत्येक नकाशाची सीमारेषा आखून तयार असते, प्रमाण ठरलेले असते, उत्तर दिशा कागदाच्या माथ्यावर बसलेली असते, आणि काय दाखवायचे व काय गाळायचे हा नकाशातला सर्वांत अवघड निर्णय पुस्तक तयार करणाऱ्यांनी किंवा प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी परस्पर घेऊन टाकलेला असतो.

अशा वर्गात आता संगणक आणि टॅबलेट येत आहेत आणि त्यांच्याबरोबर मुलांना नकाशाची कौशल्ये शिकवण्याचा दावा करणारी सॉफ्टवेअरही. त्यांना सरसकट नावे ठेवण्याची किंवा त्यांचे सरसकट स्वागत करण्याची घाई नको. वर सांगितलेले निर्णय सॉफ्टवेअर मुलाच्या हाती देते की स्वतःकडे ठेवते, एवढ्या एका कसोटीवर त्याची परीक्षा घ्यावी, असे माझे म्हणणे आहे. निर्णय स्वतःकडे ठेवणारे सॉफ्टवेअर हा पडद्यावर आणलेला कोरा आराखडाच असतो. तो कितीही रंगीत आणि बोलका असला, तरी शाळेने त्यासाठी रुपयाही मोजू नये. निर्णय मुलाकडे सोपवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी बहुधा रुपया मोजावाच लागत नाही. त्यासाठी शिक्षकाचा वेळ, मोजायची फीत आणि वर्गाबाहेर पडण्याची मोकळीक मात्र लागते.

बाजारात आणि बाजाराबाहेर काय काय मिळते, हे आधी पाहू. पहिला प्रकार प्रश्नमंजूषेचा. पडद्यावर देशाचे नाव उमटते, मूल नकाशावर बोट ठेवते, बरोबर असेल तर टाळी वाजते. केजिऑग्राफीसारखी मोफत आणि नीटनेटकी साधने या प्रकारातली आहेत आणि पावसाळ्यातला एखादा तास ती छान खातात. पण ती स्थाने पाठ करून घेतात, त्यापलीकडे त्यांची झेप नाही. दुसरा प्रकार गोलाचा. गूगल अर्थ, मुक्त असलेला मार्बल, किंवा इस्रोने २००९ साली सुरू केलेला भुवन. उपग्रहाच्या उंचीवरून आपल्या छपरापर्यंत उतरत येण्याचा थरार मुलांना आयुष्यभर पुरतो आणि पृथ्वी गोल आहे हे वाक्य पहिल्यांदा खरे वाटते ते इथेच. तरी हे पाहणे झाले. तिसरा प्रकार नकाशा करण्याचा, आणि या लेखाचा विषय तोच आहे. १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या प्राथमिक शाळांत टॉम स्नायडर प्रॉडक्शन्सचे नेबरहूड मॅपमशीन चालत असे. त्यात मुले आपल्या वस्तीचे रस्ते आखत, घरे आणि दुकाने मांडत, चिन्हांची सूची तयार करत. आज त्या जागी ओपनस्ट्रीटमॅप या, कोणालाही भर घालता येणाऱ्या मुक्त नकाशावर ब्राउझरमधूनच रस्ता किंवा इमारत रेखाटता येते, आणि थोड्या मोठ्या मुलांसाठी क्यूजीआयएस आहे. व्यावसायिक भूमापक आणि नगररचनाकार वापरतात तेच हे साधन, शाळेलाही पूर्ण फुकट.

नकाशा काढणे म्हणजे नेमके काय शिकणे, हे एकदा जमिनीवर आणून पाहू. शाळेचे आवार ४० मीटर लांब आहे असे धरा. १:२०० प्रमाणावर ते कागदावर २० सेंटिमीटर होते. त्यात वर्गखोल्या, मुतारी, पाण्याची टाकी, ध्वजस्तंभ आणि कडुनिंबही मावतो. १:१०,००० प्रमाणावर तेच आवार ४ मिलिमीटरचे होते, म्हणजे एक लहानसा चौकोन. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशावर ते एक मिलिमीटरही भरत नाही, आणि तिथे शाळा दाखवायचीच असेल तर तिचा आकार सोडून देऊन चिन्ह वापरावे लागते. हे गणित ज्या मुलाने स्वतः मांडले आणि खाडाखोड करून बसवले, त्याला बृहद्प्रमाण आणि लघुप्रमाण यांच्या व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. प्रमाण बदलले की नकाशात काय राहू शकते तेही बदलते, हे त्याच्या बोटांना कळलेले असते.

नेमकी इथेच पडद्यावरच्या नकाशाची सोय शिकण्याच्या आड येते. दोन बोटांनी नकाशा मोठा केला की प्रमाण बदलते, पण बदलले आहे हे मुलाला जाणवत नाही. कोपऱ्यातली बारीक प्रमाणरेषा कोणी पाहत नाही. जवळ गेल्यावर गल्ल्यांची नावे उगवतात, लांब गेल्यावर ती मावळतात, आणि कोणती ठेवायची व कोणती घालवायची हे कुठेतरी दूर बसलेल्या कोणीतरी लिहिलेल्या नियमांनी ठरते. वाट दाखवणाऱ्या ॲपमध्ये तर दिशासुद्धा उरत नाही: निळा ठिपका मधोमध आणि भोवतालचा नकाशा आपल्या चालीनुसार फिरणारा. सूर्य कोणत्या बाजूला आहे, गाव मागे राहिले की उजवीकडे, याची दखल घेण्याचे कारणच संपते. ‘फोन वाट दाखवतो, मग नकाशा शिकवायचा कशाला’ असे विचारणारे पालक भेटतात, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, वाट सापडणे हा नकाशाचा एक अगदी लहान उपयोग आहे. धरणाच्या बुडीत क्षेत्राचा, विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा किंवा पूररेषेचा नकाशा समोर पसरला जातो, तेव्हा निळा ठिपका कामाला येत नाही.

बालमानसशास्त्राने या शिकण्याचा एक टप्पा फार पूर्वी दाखवून दिला आहे. जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांपुढे तीन डोंगरांची प्रतिकृती ठेवली आणि पलीकडे बसवलेल्या बाहुलीला ते डोंगर कसे दिसत असतील, असे विचारले. लहान मुलांनी बहुधा आपल्याला दिसते तेच दृश्य बाहुलीच्या डोळ्यांत घातले. नेमक्या कोणत्या वयात हे बदलते याबद्दल नंतरच्या संशोधकांनी बरेच वाद घातले. पण नकाशा काढणाऱ्याला आपले उभे राहण्याचे ठिकाण सोडून वरून, आणि सगळ्यांच्या वतीने पाहावे लागते, ही मुख्य गोष्ट त्या वादांत हललेली नाही. संगणकाचा या कामी चांगला उपयोग करणारे जुने साधन म्हणजे १९६७ साली तयार झालेली लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा. सीमूर पेपर्ट, वॉली फॉयर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांच्या या भाषेत पुढे आलेले पडद्यावरचे कासव मूल सांगेल तसे पुढे जाते आणि मूल सांगेल तितक्या अंशांतून वळते. कासवाचे तोंड खाली असताना त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो, हे समजण्यासाठी मुलाला क्षणभर कासव व्हावे लागते. यात कोणतेही चित्र तयार मिळत नाही, आणि म्हणूनच ते नकाशाच्या दृष्टीने शिकवते. गंमत अशी की, आजच्या झगमगीत पॅकेजांपैकी कित्येकांत हा जुना, साधा गुण सापडत नाही.

मग कागद पुरेसा का नाही, हा प्रश्न उरतो. परिसराचा पहिला नकाशा कागदावरच काढावा, आणि पाचवी-सहावीपर्यंत पडदा अजिबात नसला तरी काही बिघडत नाही, असे माझे मत आहे. परंतु काही गोष्टी कागदावर करणे इतके जिकिरीचे असते की, शाळेत त्या केल्याच जात नाहीत. नववीच्या पुस्तकातला वितरणाच्या नकाशांचा धडा घ्या. टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य पद्धत, सगळे त्यात आहे. २०११च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत चौरस किलोमीटरला ७४ माणसे राहत होती आणि मुंबई उपनगर जिल्ह्यात सुमारे २१ हजार. ही घनता क्षेत्रघनी पद्धतीने, म्हणजे प्रत्येक जिल्ह्याला आकड्यानुसार फिकट किंवा गडद रंग देऊन दाखवायची, तर आधी आकड्यांचे वर्ग पाडावे लागतात. लहानातली लहान आणि मोठ्यातली मोठी संख्या घेऊन मधल्या अंतराचे पाच समान भाग केले, तर मुंबईचे दोन जिल्हे सर्वांत गडद होतात आणि त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांपैकी उरलेले सगळेच्या सगळे ३३ सर्वांत फिकट रंगात जातात. पुणे आणि गडचिरोली सारखेच विरळ दिसू लागतात, मधले तीन रंग वापरलेच जात नाहीत. वर्ग पाडण्याची रीत बदलून प्रत्येक रंगात सारखेच जिल्हे बसवले, तर एकदम वेगळा महाराष्ट्र उमटतो, ज्यात मुंबईचे वेगळेपण पुसले जाते. आकडे तेच, नकाशे दोन, आणि दोन्हींना खोटे म्हणता येत नाही.

कागदावर हे दाखवायचे तर ३५ जिल्हे दोनदा रंगवावे लागतील, आणि एकदा रंगवल्यावर दुसऱ्यांदा रंगवायला कोणतेही मूल राजी होणार नाही. क्यूजीआयएसमध्ये वर्गीकरणाची पद्धत बदलली की क्षणात नवा नकाशा येतो, आणि मग शिक्षकाला विचारता येते, ‘यातला कोणता वर्तमानपत्रात छापाल आणि का?’ निवडणुकीच्या निकालांचे, दुष्काळी तालुक्यांचे, रोगराईचे रंगीत नकाशे रोज डोळ्यांवर आदळत असताना हा प्रश्न नागरिकशास्त्राच्या दहा व्याख्यांहून मोलाचा आहे. संगणकाला वर्गात जागा द्यायची ती अशा कामासाठी. चूक स्वस्त करणे आणि पर्याय शेजारीशेजारी ठेवणे यांत त्याचा हात कोणी धरणार नाही.

तरीही पडद्यावर रेषा ओढणाऱ्या मुलाला त्या रेषेची लांबी पायांनी माहीत असली पाहिजे. महाराष्ट्रात हे शिकवण्याची साधने इतकी जवळ आहेत की, त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात सुरू केलेल्या मोजणीतून मुंबई इलाख्याची जमीन महसुलाची मोजणी पद्धत घडली, आणि इकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची, म्हणजे १६ समान भागांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद असा चौरस म्हणजे बरोबर एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. सातवीतल्या मुलाला ३३ फूट सुतळी द्या आणि मैदानावर गुंठा आखायला सांगा. घरात वाटणीच्या भांडणात रोज ऐकलेला शब्द त्याच्या पायांखाली येतो. नंतर तोच चौकोन पडद्यावर काढला की, सॉफ्टवेअर क्षेत्रफळ सुमारे १०१ चौरस मीटर सांगते, आणि जास्त-कमी सांगितले तर चूक सुतळीत, कोपऱ्याच्या काटकोनात की माउसच्या टिचकीत, यावर वर्गात खरा वाद होतो. फीत लावून मोजणी करणाऱ्यांना हा वाद काही नवा नाही.

समोच्च रेषांचेही तसेच. पुस्तकातल्या समोच्च रेषा मुलांना बोटांच्या ठशांसारख्या दिसतात आणि तितक्याच निरर्थक वाटतात. पण पाणलोटाची कामे झालेल्या गावांतल्या कित्येक आयाबापांनी सलग समतल चर खणण्याआधी ए-फ्रेमने उतारावर समान उंचीचे बिंदू काढलेले आहेत. तीन काठ्यांची इंग्रजी ‘ए’सारखी चौकट, तिच्या माथ्यावरून सोडलेला दोरा, त्याला बांधलेला दगड. दोरा आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आला की दोन्ही पाय एका पातळीत. तिथे फक्की टाकायची, एक पाय तसाच ठेवून दुसरा फिरवायचा आणि पुढचा बिंदू शोधायचा. फक्कीचे बिंदू जोडले की टेकडीवर पांढरी समोच्च रेषा उभी राहते. ती पाहिलेल्या मुलाला पडद्यावर भुवनचा उंचीचा नकाशा दाखवला, तर तो रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा असणार, हे कोणी न सांगता बोलतो. उलट क्रमाने, म्हणजे आधी त्रिमिती डोंगर फिरवून दाखवून, हे साधत नाही असे मला दिसले आहे. फिरणारा डोंगर पाहायला सुरेख असतो, इतकेच.

उपग्रह प्रतिमेवरून नकाशा काढताना एक गोष्ट मात्र फार चांगली घडते, आणि ती एका जिल्हा परिषद शाळेत मला जवळून पाहायला मिळाली. सहावीची मुले आपल्या गावाच्या प्रतिमेवर रस्ते आणि इमारती रेखाटत होती. विहिरी त्यांनी काळ्या गोलांवरून ओळखल्या, शेततळी प्लास्टिकच्या चकाकणाऱ्या चौकोनांवरून. वडाच्या जागी एक मोठा हिरवा डाग होता, आणि त्याखाली पार आहे हे प्रतिमेत कुठेच दिसत नव्हते. संध्याकाळी जिथे निम्मे गाव बसते ती जागा उपग्रहाला दिसत नाही, हे ध्यानात आल्यावर मुले नुसती हरखली नाहीत, त्यांना आपण प्रतिमेपेक्षा शहाणे असल्याचा शोध लागला. मग हातपंप, पोळ्याला बैल जमतात ती मोकळी जागा, पावसाळ्यात बंद होणारी पाणंद, असे एकेक न दिसणारे नकाशात येऊ लागले. परदेशात घडलेल्या साधनांच्या चिन्हपेट्यांत गोल्फचे मैदान सापडते. पारासाठी चिन्ह मुलांनाच घडवावे लागते. ते घडवण्यात त्यांचा अर्धा तास गेला आणि शिक्षकांनी तो जाऊ दिला, याचे मला कौतुक वाटले.

त्याच वर्गात दुसरी गोष्ट झाली, ती इतकी सुखाची नव्हती. आधी कागदावर मनाने काढलेल्या नकाशांत गावठाणातल्या मुलांनी देऊळ, शाळा, किराणा दुकान, दूध डेअरी तपशिलाने दाखवली होती. ओढ्यापलीकडची वस्ती बहुतेकांच्या कागदावर नव्हतीच, किंवा ‘इकडे वस्ती’ असा बाण होता. त्या वस्तीतल्या मुलांच्या नकाशांत मात्र वस्तीतले समाजमंदिर, नळकोंडाळे आणि शाळेकडे येणारी कच्ची वाट सविस्तर होती. कोणी मुद्दाम काही गाळले नव्हते. ज्याने त्याने आपले रोजचे चालणे काढले होते. हे नकाशे भिंतीवर शेजारीशेजारी लागले तेव्हा शिक्षकांनी भाषण न करता एवढेच विचारले की, सगळ्यांचा मिळून एक नकाशा करायचा तर प्रमाण किती घ्यावे लागेल. कागद ओढ्यापलीकडे वाढवावा लागला. वस्तीचे नाव काय लिहायचे हा प्रश्नही लगेच आला, कारण बोलण्यातले नाव जातीचे होते. राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२०मध्ये घेतला आहे. तो अकरा-बारा वर्षांच्या मुलांपर्यंत पोहोचण्याची याहून सरळ वाट मला सुचत नाही. हे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ‘धडा’ म्हणून घालता येणार नाही. घालायचा प्रयत्नही करू नये, कारण तयार धड्यात गावाचे उत्तर आधीच दिलेले असेल.

मुलांनी काढलेला नकाशा त्यांच्या वहीतच राहावा असेही नाही. आपल्या देशात नकाशा ही दीर्घकाळ सरकारी आणि बऱ्याच अंशी गुप्त वस्तू होती. १७६७ साली स्थापन झालेल्या सर्वेक्षण विभागाच्या कित्येक पत्रिका सीमाभाग आणि किनारपट्टी यांच्या नावाखाली सामान्य माणसाला मिळत नसत. २००५च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीची आणि सर्वांसाठीची अशा दोन वेगळ्या मालिका केल्या, २०१७ साली खुल्या मालिकेच्या पत्रिका संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येऊ लागल्या, आणि १५ फेब्रुवारी २०२१ रोजी जाहीर झालेल्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट काढून टाकली. कायद्याने मोकळी केलेली ही वाट शाळांनी अजून पाहिलेली दिसत नाही. दुसरीकडे सरकारच घरोघर नकाशे पोहोचवते आहे. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत आधी प्रायोगिक काम झाले, एप्रिल २०२०मध्ये स्वामित्व योजना आली, आणि गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. आजीच्या हाती आलेल्या त्या कागदावरची आपल्या घराची हद्द बरोबर आहे का, हे तपासू शकणारे घरात एक तरी माणूस हवे. ते माणूस आठवीत शिकत असले तरी चालेल.

एक व्यावहारिक अडचण इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी एखाद्या शिक्षकावर कारवाई होण्याची वेळ येऊ नये. परदेशी साधनांत येणारा जगाचा तयार नकाशा भारताची उत्तर सीमा आपल्या अधिकृत नकाशाप्रमाणे दाखवतोच असे नाही; बऱ्याचदा ती तुटक रेषेची असते. भारताची चुकीची सीमा छापणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. तेव्हा राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने सर्वेक्षण विभागाच्या अधिकृत सीमा, जिल्हे आणि तालुके यांच्या फायली मराठी नावांसह शाळांना तयार करून द्याव्यात. हे काम एका कार्यालयात एकदा करण्याजोगे आहे, आणि त्याने हजारो शाळांची डोकेदुखी वाचेल. खर्चाच्या यादीत मला सर्वांत वर हेच दिसते.

आता साधनांचा आक्षेप. शाळेत वीज टिकत नाही, संगणक धूळ खात पडलेले, एक शिक्षक दोन वर्ग सांभाळतो आणि वर मतदार याद्यांचे काम, हे सगळे खरे आहे. यावर केरळचे उदाहरण दिले की लोक चिडतात, पण ते द्यावेच लागते. तिथल्या सरकारी शाळांचे संगणक मुक्त प्रणालीवर चालतात, आणि राज्य अभ्यासक्रमाच्या दहावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पुस्तकात क्यूजीआयएसवर नकाशा हाताळण्याचा धडा घालण्यात आला. परवान्याचे पैसे वाचल्यामुळे ते शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळवता येतात, हा त्यातला धडा आपल्यासाठी आहे. आपल्याकडे उलट घडते. डिजिटल वर्गाच्या नावाखाली तयार आशयाची पेटी विकत घेतली जाते, दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण थांबते आणि भिंतीवरचा मोठा पडदा पाहुण्यांच्या स्वागतापुरता उरतो. नकाशाच्या कामाला इतके लागतही नाही. पाच मुलांमागे एक संगणक असला, तर दोघे मैदानावर मोजतात, एक लिहून घेतो, दोघे पडद्यावर बसतात आणि मग जागा बदलतात. सगळ्यांनी एकदम पडद्याकडे पाहत बसण्यापेक्षा ही अडचणच बरी.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अभ्यासगटाने २००६ साली याच प्रश्नाचा विचार केला, तेव्हा अवकाशीय विचार, म्हणजे काय कुठे आहे, किती अंतरावर आणि कोणत्या दिशेला हे धरून केलेला विचार, शाळेत शिकवण्याची गरज ठासून मांडतानाच व्यावसायिकांसाठी घडवलेली, क्यूजीआयएससारखी भौगोलिक माहिती प्रणाली शाळेत जशीच्या तशी उतरवण्यातल्या अडचणीही पुढे ठेवल्या. क्यूजीआयएस उघडल्यावर दिसणाऱ्या शेकडो बटणांपुढे नववीचे मूल गांगरते आणि शिक्षक त्याहून अधिक. मराठी माध्यमाच्या वर्गात त्यावर इंग्रजी शब्दांचा आणखी एक थर चढतो. म्हणून नव्या सॉफ्टवेअरवर सार्वजनिक पैसा खर्च करायचाच असेल, तर तो या मुक्त साधनांची बटणे कमी केलेली, मराठी, इंटरनेटविना चालणारी शालेय आवृत्ती घडवण्यावर व्हावा. मुलाने प्रमाण निवडल्याशिवाय कोरे पान न उघडणारी, सूची आपोआप न भरणारी, आणि उत्तर दिशा मुलाकडून ठरवून घेणारी आवृत्ती. अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना हे काम प्रकल्प म्हणून सहज झेपेल.

मुलांचे नकाशे जगापुढे ठेवताना मात्र हात आखडता घ्यावा. कोणाचे घर कुठे, कोणती मुलगी कोणत्या वाटेने शाळेत येते, हे वर्गातल्या भिंतीवर ठीक आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर एकदा गेलेली माहिती कोणीही उतरवून घेऊ शकतो. तिथे रस्ता, विहीर, शाळा, दवाखाना, पार एवढेच जावे आणि ते शिक्षकाने तपासल्यावरच जावे. काठमांडूमध्ये २०१५च्या भूकंपाआधी स्थानिक तरुणांनी शाळा आणि आरोग्य केंद्रे अशाच सार्वजनिक नकाशावर आणून ठेवली होती आणि मदतकार्यात ती उपयोगी पडली. त्यासाठी कोणाच्याही घराचे नाव लिहावे लागले नव्हते.

हे सगळे परीक्षेत मोजले जात नाही तोपर्यंत ते दिवाळीनंतरच्या एखाद्या उपक्रमापुरते राहील, हे मला माहीत आहे. दहावीच्या पुस्तकाचा पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. त्या भेटीला नकाशा जोडणे हा सर्वांत कमी खर्चाचा बदल ठरेल. नववी आणि दहावी मिळून प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसराचा एक नकाशा स्वतः मोजून काढावा, कागदावर की संगणकावर हे शाळेने ठरवावे, आणि अंतर्गत मूल्यमापनात त्याला गुण असावेत. गुण देताना रंगकाम पाहू नये. प्रमाण का निवडले, काय गाळले आणि का, मोजणीत किती चूक असू शकते, या तीन प्रश्नांची उत्तरे मुलाने नकाशापुढे उभे राहून द्यावीत. आणि याच्या आधी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी भूगोलाच्या शिक्षकांचे दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत, ज्यांत सादरीकरणाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ नसावा. उरलेल्या वेळात प्रत्येक शिक्षकाने फीत घेऊन त्या संस्थेच्या आवाराचा नकाशा काढावा आणि त्याच तीन प्रश्नांची उत्तरे इतर शिक्षकांपुढे द्यावीत.